आमच्या विहिरीत समुद्र शिरला

बोईसरकडच्या माहीमला, समुद्राकाठी, आमची पानवेलींची वाडी होती. विहिरीवर रहाट, आणि तो ओढायला एक म्हातारा बैल. ऐंशी सालाच्या आसपास मला बोईसरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि शिकलेल्या मुलीच्या तोऱ्यात मी वडिलांच्या मागे लागले, "अप्पा, रहाट काढा, मोटर बसवा."

"बैल दमतो तवा विहीरपण दम खाते," अप्पा म्हणाले.

मी हसले. शेवटी मोटर बसली. पाणी धो धो यायला लागलं, तसं अप्पांनी वेलीही वाढवल्या. मी बोईसरला खोली घेऊन राहत होते, सुट्टीला घरी यायचे. तीन-चार वर्षांनी अशीच आले असताना आईच्या हातचा चहा घेतला आणि म्हटलं, "यात मीठ पडलंय का गं?"

आईचा चेहरा उतरला. "नळाचं पाणी पिऊन तुझी जीभ बदलली. आमाला तर गोडच लागतं."

रोज तेच पीत असल्यामुळे त्यांना फरक कळला नव्हता. वाडीत मात्र पानांच्या कडा करपत होत्या, आणि अप्पा रोग समजून फवारण्या करत होते.

मी बाटलीभर पाणी बोईसरला नेलं. काम संपल्यावर तपासायला बसले. पाण्यात पिवळा रंग देणारं रसायन घालायचं आणि वरून ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, दुसऱ्या रसायनाचे थेंब सोडायचे; मीठ जितकं जास्त, तितके थेंब जास्त लागतात. चांगल्या पाण्याचा पिवळा रंग थोड्याच थेंबांत विटकरी होतो. आमचं पाणी पिवळंच राहिलं. ब्युरेट रिकामी झाली, मी ती परत भरली. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरचं फार उपसलं की खालचं वर चढतं. हे मी कॉलेजात शिकले होते, पण आमच्या विहिरीपाशी उभी असताना मला ते आठवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी अप्पांना सगळं सांगितलं.

"चूक माझी हाय, अप्पा."

"तुला कसं ठावं असणार? मलाच वाडी वाढवायची हाव सुटली." एवढं बोलून ते उठले आणि मोटर बंद केली.

पण आजूबाजूच्या वाड्यांतल्या मोटरी चालूच होत्या, आणि जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं एकच. अप्पा दारोदार जाऊन सांगायचे, "जरा कमी उपसा." माणसं चहा पाजून त्यांना परत पाठवायची. दोन उन्हाळ्यांत वेली वाळल्या. अप्पांनी त्या स्वतःच्या हातांनी उपटल्या. मजूर लावू दिला नाही, मलाही हात लावू दिला नाही.

अप्पा गेल्यावर शेजारच्या काकी भेटायला आल्या. म्हणाल्या, "तुझा बाप शेवटपर्यंत बोलायचा, मोटर माझ्या डोक्यातून निघाली, पोरगी नको म्हणत होती."

आई तिथेच बसली होती. खरं काय ते तिला माहीत होतं. ती काही बोलली नाही. मीही नाही.