दाजींची शिट्टी

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, अकरा वर्षं निवृत्त फुटबॉल कोच होते आणि त्या कामात त्यांनी बरंच नाव मिळवलं होतं. निवृत्त कोच हरत नाही. पाणी खात्याचा जो संघ त्यांनी शून्यातून उभा केला, तो त्यांच्यानंतर दर वर्षी थोडा थोडा घसरत गेला, आणि तो जितका घसरला तितके दाजी मोठे होत गेले. घरी बसून मोठं होणं मला काही अजून जमलेलं नाही.

मी त्याच खात्यात पंपचालक आहे. तीस वर्षं पंपांशेजारी काढल्यामुळे मी घरातही ओरडून बोलतो. संघाचं व्यवस्थापन माझ्या गळ्यात पडलं ते बहुधा या आवाजापायीच. यंदा शेवटचे चार सामने राहिले असताना आमचा कोच दुसऱ्या नोकरीवर निघून गेला. संघ तळाला होता. मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "खालच्या गटात गेलात तर संघ बंद. मैदानावर पाइप रचायचे आहेत." आणि मग, जणू आत्ताच सुचलं, असं म्हणाले, "तुमचे दाजी काय करतात हल्ली?"

दाजी हल्ली गॅलरीतल्या कुंड्या हलवत. मागे चार, मध्ये चार, पुढे दोन. ताईला वाटे, ही बागेची हौस आहे, आणि ती पाहुण्यांना कौतुकाने दाखवी.

मी निरोप सांगितला तेव्हा ताई आधी माझ्यावर उखडली. मग दाजींकडे वळली. "अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची असते. संघ बुडाला तर लोक काय म्हणतील? ज्यानं काढला त्यानंच बुडवला. जुना चषक कुणाच्या लक्षातही राहणार नाही."

दाजी आत गेले आणि बूट घालून बाहेर आले. लेस बांधायला वाकता येईना, म्हणून ती ताईने बांधली. बांधताना तिचं तोंड चालूच होतं.

आमचं मैदान पंपघराला लागून आहे. तिथे पंप चालू असताना माणूस बोंबलला तरी दहा पावलांवर ऐकू जात नाही. म्हणून दाजींनी पूर्वी दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या बसवल्या होत्या. एक लांब म्हणजे सगळे पुढे या. दोन आखूड म्हणजे चेंडू उजवीकडे. एक आखूड म्हणजे डावीकडे. त्याच शिट्ट्यांवर त्यांनी चषक आणला होता.

पहिल्या दिवशी त्यांनी पोरांना टाकीभोवती पळवलं. तिघांना उलट्या झाल्या. आता पाच बदली खेळाडू चालतात हे कळल्यावर त्यांना ती सरळसरळ लबाडी वाटली. मग त्यांनी बोटं तोंडात घातली, आणि शिट्टीऐवजी कवळी बाहेर आली. ती गवतातून मी शोधली. व्यवस्थापकाची कामं काय असतात ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पोरं हसली नाहीत. नोकरीची माणसं, हसलीच तर दुसऱ्याच्या कोचला हसतात. दाजींनी कवळी पुसून रुमालात बांधली, खिशात ठेवली आणि पुन्हा बोटं घातली. पंपघरातला माझा सहकारी काय फुटलं ते बघायला बाहेर आला. दातांशिवाय शिट्टी पूर्वीपेक्षा खणखणीत वाजत होती.

"दाजी, शिट्ट्या तरी नव्या बसवा," मी म्हटलं.

"चाललेलं मोडायचं नाही," ते म्हणाले. दात नसल्याने ते मला तीनदा विचारावं लागलं.

पहिला सामना हरलो, दुसरा जिंकलो, तिसरा बरोबरीत सुटला. शेवटचा आमच्याच मैदानावर होता, वीज खात्याशी. आम्हाला बरोबरी पुरे होती. त्यांना चषकासाठी विजय हवा होता. त्यांचा कोच होता डावरा. त्याला सगळे डावराच म्हणतात, कारण डाव्या पायाशिवाय त्याच्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. तो सहा वर्षं दाजींच्या हाताखाली आमच्याकडून खेळला होता, आणि मला वाटतं, ते सांगितलं की माझ्यासारख्या गाढवाखेरीज कुणालाही पुढचं कळावं.

दाजींनी दोन आखूड वाजवल्या. आमची पोरं उजवीकडे वळायच्या आत वीज खात्याचे पाचजण तिथे उभे होते. एक आखूड वाजवली, तर ते डावीकडे हजर. एक लांब वाजवली. आमचे सगळे पुढे गेले आणि चेंडू त्यांच्या डोक्यांवरून मागच्या मोकळ्या जागेत पडला. मध्यंतराला आम्ही दोन गोलांनी मागे होतो. दाजी समोरच्या बाकाकडे बघत होते. तिथे डावरा प्रत्येक शिट्टीला हाताने दिशा दाखवत होता.

"गुरूची विद्या गुरूला फळली," मी म्हटलं. मला राग आला होता, डावऱ्याचा कमी आणि दाजींचा जास्त. नव्या बसवा म्हणून सांगितलं होतं.

दाजींनी पोरांना जवळ बोलावलं, खिशातून कवळी काढून लावली आणि स्पष्ट म्हणाले, "आता माझं ऐकायचं नाही. मी वाजवत राहणार. तुम्हाला जिकडे मोकळं दिसेल तिकडे मारा." मग कवळी काढून पुन्हा रुमालात बांधली.

पाऊण तास त्यांनी शिट्ट्यांचा सपाटा लावला. समोरचे आता डावऱ्याच्या हाताकडे न बघताच शिट्टीबरोबर इकडून तिकडे धावत राहिले. आमची पोरं पहिल्यांदाच डोळे उघडून खेळत होती. एक गोल फेडला. डावऱ्याच्या लक्षात यायला उशीर झाला. आलं तेव्हा तो आपल्या खेळाडूंना "थांबा, ऐकू नका!" म्हणून ओरडत होता, पण पंप चालू होते. शेवटच्या मिनिटाला दाजींनी तीन आखूड वाजवल्या. समोरचे गोंधळून डावऱ्याकडे बघू लागले आणि तेवढ्यात आमचा दुसरा गोल झाला.

संघ वाचला. मोठ्या साहेबांनी दाजींना पुढच्या वर्षाचं विचारलं. दाजी म्हणाले, "सांगतो."

डावरा आला. चषक गेलेल्या माणसासारखाच दिसत होता. "सर, शेवटच्या त्या तीन आखूड. त्या कशाच्या?"

"धाप लागली होती."

डावरा हसला. दाजी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुला अजून सगळ्या पाठ आहेत?"

"घरी रोज वाजवतो की. एक लांब, म्हणजे जेवायला या. पोरं हाकेला येत नाहीत, शिट्टीला येतात."

घरी ताईने तोंडभर कौतुक केलं आणि झाकल्या मुठीचं आपण कधी बोललोच नव्हतो असा चेहरा ठेवला. दाजी जेवले नाहीत. गॅलरीत बसून राहिले. मी समजूत काढायला गेलो तर म्हणाले, "अकरा वर्षं माझं ऐकणारा एकच माणूस होता. त्याला आज मी ऐकल्याबद्दल धडा शिकवला." मी एक कुंडी सरळ केली. त्यांनी ती पुन्हा होती तिथे ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मला घेऊन डावऱ्याच्या घरी निघाले. फाटकाशी पोचल्यावर मी घंटीकडे हात नेला, तो त्यांनी धरला. कवळी काढून माझ्या हातात दिली, बोटं तोंडात घातली आणि एक लांब वाजवली.

आधी दोन मुलं धावत बाहेर आली. त्यांच्या मागून, हात पुसत, डावरा आला.