काकीच्या खळ्यातला बदाम

आमच्या खळ्यातला, म्हणजे घरापुढच्या अंगणातला, बदाम माघात लाल व्हायचा. बांगडा मासळीएवढी सुकी पानं वाऱ्याने सरकली की कुणी वहाणा फरफटत येतंय असं वाटे. काकी चुलीपुढून विचारी, "बघ रे, इले काय?"

इले म्हणजे आले; कोण, तर काका. त्याची होडी समुद्रात गेली ती परतलीच नव्हती. वर्षं लोटली, पण काकीचं कुंकू तसंच होतं, आणि पानं वाजू लागली की तिन्हीसांजेला काकाचं ताट मांडलं जाई.

मी कोल्हापूरला कॉलेजात सायन्स शिकत होतो. परीक्षेच्या धास्तीने तापाचं निमित्त काढून घरी आलेलो. एवढी विद्या पेपरात उतरत नव्हती, म्हणून काकीवर ओतली. पानातला हिरवा रंग ओसरतो, लाल वर येतो. पानातलं सत्त्व झाड परत ओढून घेतं, देठाशी पडदा धरतं आणि पान सोडून देतं.

"म्हंजे वारो नेणा नाय? झाडच सोडता?"

"झाडच!" मी ऐटीत म्हणालो.

तिन्हीसांजेला तिने ताट मात्र मांडलंच.

मग मला, वाजतात ती नुसती पानंच, याचा पुरावा द्यायची हुक्की आली. पावसाआधी भाताच्या रोपांची जमीन भाजायला आम्ही पातेरा, म्हणजे गळलेली पानं साठवतो. सकाळी काकी विहिरीवर गेल्यावर मी खळा झाडला आणि सगळी पानं शेतात नेऊन पेटवली. त्यात माझ्या पंच्याचं टोकही जळालं.

त्या संध्याकाळी वारा होता, पण खळ्यात आवाज नाही. काकी चारदा दाराशी आली. मग ताट उचललं.

"आज इले नाय. तूच सांगलंस मा, झाडच सोडता म्हणान. तेंनी माका सोडल्यानी काय रे?"

खळ्यात पुन्हा पानं वाजायला हवी होती.

सकाळी मी बदामावर चढून फांद्या गदागदा हलवल्या. हिरवी पानं हटेनात. लाल मुंग्या तेवढ्या माझ्या चड्डीत उतरल्या.

"खाली उतर मेल्या!" काकी खालून ओरडली. "तांबडी झाल्याशिवाय ती येवची नाय. तेंका घाई करू नको."

हलवाहलवीत दोनचार लाल पानं तेवढी पडली होती. ती तिने उचलून खळ्यात ठेवली.

तिन्हीसांजेला एक पान सरकलं. सावकाश, थांबत थांबत, दारापर्यंत. काकीने माझ्याकडे पाहिलं. मी उठून बाहेर गेलो. माडाचं एकही झावळ हलत नव्हतं.

"इले काय रे?"

"येतत," मी म्हणालो, आणि दार उघडंच ठेवून आत आलो.