कोयनेच्या बाई

मालगाडी जवळून गेली की कोयनेच्या बाई शिकवायच्या थांबत आणि पंजा पालथा करून टेबलावर टेकवत. दौंडची आमची शाळा रुळांपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हे दिवसातून कितीदा तरी व्हायचं. नवी मुलं हसत. जुनी मुलं त्यांना कोपराने ढोसत. थरथर गाडीचीच आहे अशी खात्री पटली की बाई हात उचलत आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करत.

मी तिथे हिंदी शिकवायचे. आमचे वर्ग शेजारी शेजारी होते आणि राहायच्या खोल्याही. कोयनेच्या भूकंपात बाईंचं घर पडलं, त्यात सहा वर्षांची शालन गेली. नवरा आधीच वारलेला. बाई तेव्हा शिक्षिकेच्या कोर्ससाठी कराडला होत्या, पोर सासूपाशी ठेवून. शेजारची म्हातारी कधी म्हणाली, "देवाची करनी, बाई, दुसरं काय," तर त्या शांतपणे म्हणत, "देवानं केलं म्हटलं की पुढं काही विचारता येत नाही, मावशी. मला विचारायचंय."

आणि त्या विचारत राहिल्या. पुण्याहून मासिकं मागवून वाचत. पुस्तकात तेव्हा होतं की पृथ्वी निवत गेली आणि सुकलेल्या फळासारखी सुरकुतली, तेच डोंगर. बाई ते वाचून दाखवत आणि मग मासिकातलं नवं मत सांगायला वर्गात स्टोव्ह पेटवून दूध तापवत. साय धरली की चमच्याने दोन्हीकडून हळूच ढकलत. मधे वळी उठली की म्हणत, "हा हिमालय. जमिनीचं वरचं कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना प्लेटा म्हणायचं. खालचा खडक तापून फार सावकाश सरकतो, त्याच्यावर त्या सरकतात. जिथं कडेला कड घासते, तिथं भूकंप."

"म्हंजी आपुन बी हलतोय व्हय, बाई?" एकीने विचारलं.

"हलतोय. नखं वाढतात साधारण तेवढ्या वेगानं."

सगळा वर्ग आपापली नखं बघत बसला. बाईंना मी मनापासून हसताना पाहिलं ते तेवढंच.

पुढे शिरूरला भूगोलाच्या शिक्षकांचं शिबिर भरलं. बाईंना सोबत हवी होती म्हणून मीही गेले. व्याख्यानाला एक म्हातारे प्राध्यापक आले होते. त्यांनी जगाचा नकाशा टांगून प्लेटांच्या कडा लाल खडूने गिरवल्या. बाई उठल्या. "सर, यात कोयना कुठं येते?"

त्यांनी बोट ठेवलं. लाल रेघ तिथून फार लांब होती.

"कोयना प्लेटच्या पोटात आहे. कडेला नाही."

"मग तिथं का झाला?"

प्राध्यापक भले होते, त्यांनी वेळ मारून नेली नाही. "कुणी धरणाच्या पाण्याचा भार म्हणतात, कुणी खालची जुनी भेग. मला खरंच माहीत नाही, बाई. आपलं कुणी होतं का तिथं?"

बाई खाली बसल्या. शिबिर संपेपर्यंत त्यांनी एक अक्षर लिहून घेतलं नाही.

परतीच्या एसटीत इनामगावला एक मजूर चढला. तिथल्या जुन्या वस्तीच्या खोदकामावर होता. कंडक्टरला सांगू लागला, "आज रांजनात बारक्या पोराची हाडं घावली. हजारो वर्सांची हायत म्हनं. घरातच पुरलं व्हतं, भुईखाली."

मी बाईंकडे पाहायचं टाळलं. मग त्याच म्हणाल्या, "त्या आईला कुणीतरी काहीतरी कारण सांगितलं असेल. आणि तिला ते पटलंही असेल."

त्यानंतर त्या पुस्तकात होतं तेवढंच शिकवू लागल्या. मुली दुधाची आठवण करून द्यायच्या, तर म्हणत, "परीक्षेला येत नाही ते." रात्रीचं जेवण सोडलं. मी ताट नेऊन ठेवी, सकाळी ते झाकलेलंच असे. वर्ष संपताच त्यांनी राजीनामा दिला. भूकंपानंतर सासरच्या गावच्या लोकांना पत्र्याच्या घरांत वसवलं होतं, तिकडे चालल्या होत्या.

स्टेशनवर त्यांची ट्रंक डब्यात चढवताना मला राहवलं नाही. "बाई, तिथं अजून धक्के बसतात म्हणतात. कशाला जाताय?"

"शालन तिथं आहे," त्या म्हणाल्या. ट्रंक आत ढकलत म्हणाल्या, "मला वाटलं होतं, कारण कळलं की मी तिला सोडू शकेन."

गाडी सुटली. मी पाठवलेली दोन्ही पत्रं पत्ता सापडला नाही म्हणून परत आली.