मिठाची पुडी

शेताच्या बांधावरून पुढे चाललेल्या मैत्रिणी नुसत्या चालीवरून ओळखू येतात. सुमन कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी हात हलवत चालते. लता दर दहा पावलांवर वाकून काहीतरी खुडते. मंगल तर बोलण्याच्या भरात वळते आणि चक्क उलटी चालू लागते. गुडघा बिघडल्यापासून मी सगळ्यांच्या मागे असते. पुढे होते तेव्हा मला फक्त वाट दिसायची. आता या तिघी दिसतात.

दर हिवाळ्यात आम्ही लताच्या शेतावर भरीत करायला जातो. वांगी, भाकऱ्या, तेलाची बाटली, सगळं त्या उचलतात आणि माझ्या हातात मिठाची पुडी ठेवतात. "एवढंच?" म्हणून मी दरवर्षी कुरकुरते.

आज पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी सोलून, ठेचून तयार होती. वासानेच भूक खवळत होती, तरी कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"आलीस बाई एकदाची! मिठावाचून अडलंय सगळं," सुमन ओरडली.

चमचा शोधायला मी तिच्या पिशवीत हात घातला, तर तळाशी एक डबी लागली. हळूच झाकण उघडून पाहिलं. काठोकाठ मीठ होतं.

मी झाकण लावलं, डबी होती तिथे ठेवली, आणि "माझ्यावाचून तुमचं पानही हलत नाही गं!" म्हणत ऐटीत माझी पुडी सोडली.