दुसरी चावी

लिंबागणेशला आमच्या दारावरून रोज एक शेळ्यावाला जातो. नाव मी कधी विचारलं नाही. काठीवर हनुवटी टेकून निवांत बघत राहायची त्याची सवय.

त्या सकाळी मी अंगणात गाडीला नवी चावी ओळखायला लावत होते. जुनी चावी लावून काढायची आणि लगेच नवी लावायची. पण मधेच मोबाइलवरचा, हे कसं करायचं ते दाखवणारा व्हिडिओ बघण्यात उशीर व्हायचा आणि नव्या चावीनं गाडी काही चालू होईना.

"गाडी कावून रुसली, बाई?"

मी सगळं सांगितलं.

"शेळीबी परकं करडू घेत न्हाई," तो म्हणाला. "आदी तिचं लावायचं. पान्हा फुटला की त्याला काढून दुसरं लावायचं. मदी येळ घालवायचा न्हाई."

मी मोबाइल बाजूला ठेवला. जुनी काढली, तशी नवी लावली. गाडी चालू झाली.

"ही कुणाला?"

"सुनेला. पण राहील माझ्याच कपाटात. लागली की मागेल."

त्यानं काठीवरची हनुवटी उचलली. "गाडीनं घेतलं तिला. आता सुनेला तुमी घ्या."

शेळ्या पुढं गेल्या होत्या, तो त्यांच्या मागं निघाला. मी गाडीत बसूनच सुनेला हाक मारली.