शिळा पापुद्रा

रेणुकादास सर विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात हंगामी नोकरीवर होते आणि उरलेल्या वेळात प्लास्टिकचे पापुद्रे करायचे. काचेवर द्रावण पसरायचं, वाळवायचं, मग कांद्याच्या सालीहून पातळ थर अलगद सोडवायचा. गोबरगॅसमधला कर्बवायू त्यातून भरभर पलीकडे जायचा, जळणारा वायू अलीकडे राहायचा. असला नाद लागला होता, की ताटात काय वाढलंय याचीही शुद्ध नसायची माणसाला.

पण पहिल्या दिवशी पापुद्रा जेवढा वायू सोडी, महिन्याभरात त्याच्या निम्माही सोडेना. जास्त वायू जावा म्हणून सरांनी आणखी पातळ केला, तर तो आणखी लवकर मंदावला. डोक्याला हात लावून बसले बिचारे.

उत्तर सापडलं ते गावी. भूकंपात घर पडलं, तेव्हा आईसाठी नवं बांधलं होतं. ठेकेदारानं मुरुमाची भर बसूच दिली नाही, घाईघाईत वर फरशी घातली. भर खचली, फरशी वरखाली झाली, तीत अडखळून आईचा पाय मोडला. सरांनी त्या ठेकेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आता तीच फरशी बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं, की आपला पापुद्राही घाईत वाळतो, आत बारीक पोकळ्या राहतात आणि त्या हळूहळू मिटत जातात. थर पातळ, तर त्या लवकर मिटतात. वायू कमी जातो, पण दोन वायूंची निवड चोख होते; आणि पुरता बसला, की मग पापुद्रा फारसा बदलत नाही.

तेवढ्यात अनुदान देणारे साहेब बघायला येणार म्हणून निरोप आला. पैसा मिळाला तर काम चालणार. नाहीतर लातूरच्या क्लासवाल्यांनी केमिस्ट्री शिकवायला बोलावलंच होतं. सोबतचे म्हणाले, “सर, ताजा लावा. किती वायू जातो तो आकडा बघून साहेब खूश.” खोटं कशाला सांगू, सरांनी ताजा करून ठेवलाही होता. हातात घेतला, बघितला, बाजूला ठेवला आणि दोन महिन्यांचा, पुरता बसलेला शिळा लावला.

साहेबांनी आकडा पाहिला. “एवढाच?”

“एवढाच. पण पुढंही जवळपास एवढाच राहील.”

साहेब चहा पिऊन गेले. पुढं नकार आला.

“इंदू, लातूरला कळवावं लागेल,” सर बायकोला म्हणाले. “ताजा लावला असता तर इथंच राहिलो असतो.”

इंदू मेथी निवडत होती. “आपल्या ठेकेदारानं असं खरं सांगितलं असतं, तर आई आज काठीशिवाय चालल्या असत्या.” जुडी संपवून ती म्हणाली, “लातूरच्या खोलीत तुमच्या काचा कुठं मांडायच्या, ते बघून ठेवा.”