वाळलेल्या फुलाखालची तारीख

माझे वडील कोल्हापुरात विद्यापीठात शिपाई होते. वनस्पतिशास्त्राच्या संग्रहासाठी सरांबरोबर ते घाटातल्या जंगलात रोपं गोळा करायला जायचे. रोपं दाबून वाळवली, की महिनाभरानं ती जाड कागदावर चिकटवायचं कामही त्यांच्याकडेच होतं.

नव्वदच्या दशकात ते अशाच एका फेरीवर गेले असताना माझी धाकटी बहीण तापानं गेली. जंगलात निरोप पोचवायची काही सोय नव्हती. ते परतले तेव्हा सगळं उरकलं होतं. आईच्या मनात ती अढी कायमची बसली.

पुढं बऱ्याच वर्षांनी वडील गेले. त्यांची कागदपत्रं आणायला मी आईला घेऊन विभागात गेले. तिथल्या बाईंनी आपणहून कपाट उघडलं आणि वडिलांनी चिकटवलेलं एक रोप दाखवलं. फुलाचा रंग पार उडाला होता. खाली ते तोडलं त्या दिवसाची तारीख होती.

"कवाचं हाय हे?" आईला वाचता येत नव्हतं.

मी तारीख वाचून दाखवली.

"पोरगी गेली त्या दिवसाचं व्हय?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"किती दिस टिकंल?" तिनं बाईंना विचारलं.

"नीट ठेवलं तर शंभर वर्षं."

आई म्हणाली, "पोरीचा एक फोटूबी न्हाय आमच्याकडं."

परतताना पेठ वडगावच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली. मग हळूच म्हणाली, "चिकटवताना त्यांनीबी तारीख वाचली असंल की."